गार्देलच्या ‘बोल्वेर’ या स्पॅनिश गाण्याचा अर्थ कोणी नीट सांगेल का? बाबांसाठी म्हणायचंय

सूरवेडी, पेडणे

नमस्कार मंडळी. ‘बोल्वेर’ म्हणून एक जुनं स्पॅनिश टँगो आहे (टँगो म्हणजे अर्जेंटिनातला गाण्या-नाचाचा प्रकार), कार्लोस गार्देल या गायकाचं. त्याचा अर्थ कोणाला माहीत असेल तर प्लीज सांगा. नेटवर मशीनने केलेलं भाषांतर मिळतं पण त्यात एका ओळीचा दुसऱ्या ओळीशी मेळच लागत नाही, कपाळ कोमेजलं काय, चांदण्या टिंगल करतात काय, काहीच कळेना.

का हवंय ते सांगते. माझे बाबा बोटीवर चीफ कुक होते, बल्क कॅरियरवर, अर्धं आयुष्य दर्यातच गेलं म्हणा ना. आता कायमचे घरी आलेत. त्यांची बोट गहू, सोयाबीन भरायला अर्जेंटिनाला लागायची, रोसारियो, बुएनोस आयरेस, बाहिया ब्लांका ही नावं आम्ही लहानपणापासून ऐकलीयत, आणि तिथेच कुठेतरी हे गाणं त्यांच्या डोक्यात बसलं. शब्द एक येत नाही पण चाल पक्की आहे, बांगडे साफ करत बसले की गुणगुणणं सुरू. मी विचारलं कसलं गाणं तर म्हणाले घरी परत यायचं आहे, बोट बंदरात आत घेणाऱ्या तिथल्या पायलटने सांगितलेलं, बाकी मला ठाऊक नाही.

चवथीला आम्ही सगळे गावच्या घरी जमतो. रात्री आरत्या, भजन झालं की थोडी गाणी होतात, त्यात हे म्हणून बाबांना सरप्राईज द्यायचा विचार आहे. चुलतभाऊ गिटारवर बसेल. मी नाट्यगीतं, अभंग म्हणते, स्पॅनिश अजिबात येत नाही, पण ऐकून ऐकून शब्द बसवतेय. फक्त अर्थ न कळता म्हणायला मन घेत नाही, नुसते आवाज काढल्यासारखं होईल ते. हे आनंदाचं गाणं की दुःखाचं? तो परत चाललाय तो कोणाकडे, बायकोकडे की प्रेयसीकडे की नुसता गावाकडे? आणि वीस वर्षं म्हणजे काहीच नाही असं कुठेतरी म्हणतो ते का? आमच्या घरात तरी वीस वर्षं म्हणजे फार होती.

जुवारी

सूरवेडी, गाणं फार मोलाचं निवडलंस. मी स्पॅनिश शिकवतो आणि हे गाणं मला जवळचं आहे त्यामुळे लांबड लागेल, वाचून घे.

आधी थोडी पार्श्वभूमी, तिच्याशिवाय अर्थ अर्धाच लागतो. चाल गार्देलची, शब्द आल्फ्रेदो ले पेराचे. १९३५ च्या ‘एल दिया के मे किएरास’ या सिनेमातलं गाणं. कथा अर्जेंटिनातली पण शूटिंग झालं न्यूयॉर्कला, पॅरामाउंटसाठी, म्हणजे घरी परतायचं हे गाणं ज्यांनी केलं ते दोघेही तेव्हा घरापासून हजारो मैल लांब होते. सिनेमात गार्देल एका श्रीमंत बापाचा मुलगा असतो, एका नर्तकीवर प्रेम करतो, बापाचा विरोध, मग घर सोडून लग्न, मग हलाखी, आणि त्या हलाखीत ती आजारी पडून जाते. पुढे तो नाव बदलून मोठा गायक होतो, जग फिरतो, आणि मुलगी मोठी झाल्यावर तिला घेऊन बोटीने बुएनोस आयरेसला परत निघतो. त्या बोटीच्या डेकवर उभं राहून तो हे म्हणतो. तेव्हा तुझ्या बाबांनी गाणं बरोबर उचललं, हे मुळात बोटीवरचंच गाणं आहे. आणि शेजारी मुलगी आहे हेही लक्षात ठेव.

आता अर्थ. शब्दाला शब्द देत नाही, सरळ सांगतो.

पहिलं कडवं असं आहे की लांबवर दिव्यांची उघडझाप होतेय, धड दिसतही नाहीत, तो अंदाजाने ओळखतो, आणि ते दिवे त्याची परतीची वाट आखत चाललेत. पण हे तेच दिवे, ज्यांच्या फिकट उजेडात त्याने आपले सगळ्यात वाईट दिवस काढले. मला परत यायचं नव्हतं, असं तो चक्क सांगतो, पण पहिल्या प्रेमाकडे माणूस शेवटी परततोच. मग ती जुनी गल्ली आठवते, तिथे कधीतरी प्रतिध्वनीने सांगितलेलं की तिचं आयुष्य तुझं, तिचं प्रेम तुझं. आणि वर तारे आहेत, थट्टेच्या नजरेने बघणारे, हा एवढ्या वर्षांनी येतोय पण त्यांना त्याचं काही सोयरसुतक नाही.

मग ध्रुवपद, जे बाबा गुणगुणत असणार. परत यायचं ते सुकलेलं कपाळ घेऊन, काळाच्या बर्फाने कानशिलं चंदेरी केलेली. आयुष्य म्हणजे एक फुंकर, वीस वर्षं म्हणजे काहीच नव्हेत, आणि तापलेली नजर अंधारात भटकत तुला शोधते, तुझं नाव घेते. एका गोड आठवणीला जिवाने घट्ट धरून जगायचं आणि तिच्यासाठी पुन्हा एकदा रडायचं.

दुसरं कडवं लोक घाईत म्हणतात पण गाण्याचा जीव तिथे आहे. ‘मला भीती वाटते’ असं तो दोनदा म्हणतो. गेलेला काळ पुन्हा समोर उभा ठाकणार त्याची भीती, आणि आठवणींनी गच्च भरलेल्या रात्री आपल्या स्वप्नांना बेड्या घालतील त्याची भीती. पण पळत सुटलेला वाटसरू आज ना उद्या थांबतोच. विस्मृती सगळ्याचा नाश करते, तिने माझी जुनी स्वप्नंही मारली असतील, तरी एक साधीशी आशा मी लपवून ठेवलीय, आणि माझ्या काळजाची सगळी पुंजी काय ती तेवढीच. इथे कडवं संपतं आणि परत ध्रुवपद.

तू विचारलंस आनंदाचं की दुःखाचं. मला वाटतं हे गाणं पोचायच्या आधीचं आहे. बघ ना, सगळ्या गाण्यात तो कुठेही पोचत नाही. दिवे दिसले, गल्ली आठवली, तारे दिसले, पण पाय जमिनीला लागलेला नाही, दार उघडलेलं नाही, कोणी ‘आलास?’ म्हणालेलं नाही. ओढ आहे आणि भीती आहे, आणि भीती ओढीमुळेच आहे. ज्याला काही पडलेलंच नाही तो कशाला घाबरेल? सिनेमा बघितलेल्याला तर हेही माहीत असतं की जिच्या नावाने तो हाक मारतोय ती राहिलेलीच नाही. म्हणजे तो परत चाललाय तो त्या शहराकडे, जिथे ती अजून प्रत्येक कोपऱ्यावर आहे.

वीस वर्षांचं म्हणशील तर तो हिशोब घरच्या लोकांचा नाही, जाणाऱ्याचा आहे. घरच्यांची वीस वर्षं पोरांच्या शाळा, दुखणी, पावसाआधी कौलं परतणं यात एकेक दिवस करून गेलेली असतात. जाणाऱ्याने निघताना घराचं जे चित्र मनात घेतलं तेच घेऊन तो परत येतो, मधली वर्षं त्या चित्रात नसतातच. स्पॅनिश बोलणारी माणसं ही ओळ आता म्हणीसारखी वापरतात, जुने मित्र भेटले की हमखास.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सिनेमा झाला आणि काही महिन्यांतच, २४ जून १९३५ ला, कोलंबियात मेदेयिनच्या विमानतळावर अपघातात गार्देल आणि ले पेरा दोघेही गेले. गार्देल दौऱ्यावर होता. त्याचा देह बुएनोस आयरेसला पोचला तो फेब्रुवारी १९३६ मध्ये, आणि तोही बोटीने. चाकारिताच्या स्मशानभूमीत त्याचा पुतळा आहे, लोक अजूनही त्याच्या बोटांत पेटती सिगारेट ठेवून जातात. हे गाणं तिथली माणसं ऐकतात तेव्हा हे सगळं त्यांच्या मनात असतं.

डिचोलीकर

हे तेच का ‘बोल्वेर बोल्वेर’ म्हणून ओरडून म्हणतात ते? मोठ्या टोप्या घातलेले गायक असतात, मागे ट्रम्पेट. ते मी ऐकलंय.

जुवारी

नाही, ते वेगळं. ते मेक्सिकोचं, व्हिसेंते फर्नांदेसने १९७२ च्या सुमारास गाजवलेलं, रांचेरा नावाच्या तिथल्या लोकगीताच्या प्रकारातलं. त्यात प्रेयसीकडे परत जायची तळमळ आहे, तिच्या मिठीत परत जायचंय, सरळ काम. सूरवेडी, यूट्यूबवर शोधताना दोन्ही एकत्र येतील, गार्देलचं नाव टाकून शोध.

डिचोलीकर

अच्छा, मग आता अर्थ वाचून माझं मत सांगतो, राग मानू नका. गाणं थोर असेल पण चवथीच्या रात्री, घरात गणपती बसलेला असताना, बायको गेलेल्या माणसाचं गाणं? समोर आई बसलेली असणार. वडीलधारी मंडळी विचारणार अर्थ काय बाय याचा, तेव्हा काय सांगणार? शिवाय बाबा आत्ताच घरी आलेत, त्यांना बरं वाटेल असं काहीतरी हवं. ‘मला परत यायचं नव्हतं’ ही ओळ मुलीने बापाला म्हणून दाखवायची हे मला तरी जड वाटतं. त्यापेक्षा एखादा अभंग घे, नाहीतर नाट्यगीत, तुझ्या गळ्यात बसलेलं आहे. हे घरातल्या घरात कधीतरी म्हण.

फोंड्याची वैनी

डिचोलीकरभाऊ, तुमची काळजी कळते, पण माझं मत उलट आहे. मी स्पॅनिशमधली नाही, सिनेमावाली आहे, पणजीला इफ्फी, म्हणजे सिनेमांचा महोत्सव, आलं की सुट्टी टाकून बसणारी.

२००६ साली पेद्रो आल्मोदोवार या स्पॅनिश दिग्दर्शकाचा याच नावाचा सिनेमा आला, ‘बोल्वेर’. त्यात हे गाणं आहे पण टँगो म्हणून नाही, फ्लामेंको या स्पेनच्या गाण्याच्या ढंगात करून घेतलंय, टाळ्या आणि गिटार. आवाज एस्त्रेया मोरेंतेचा, पडद्यावर पेनेलोपे क्रुझ. तिची आई वारली असं सगळे धरून चाललेले असतात आणि ती आई परत आलेली असते, लपून राहत असते. मुलगी बऱ्याच वर्षांनी लोकांसमोर गाते, लहानपणी आईनेच शिकवलेलं हे गाणं, आणि आई बाहेर गाडीत डोकं खाली घालून ऐकते आणि रडते. मुलीला ठाऊकच नाही की आई दहा पावलांवर आहे. म्हणजे जे गाणं परतणाऱ्या पुरुषाचं होतं ते तिथे मायलेकींचं होतं, आणि इथे तर परतणारी गातच नाही, ऐकते.

ते बघितल्यापासून हे गाणं माझ्यासाठी माहेराचं झालं. आपल्याकडे माहेरची गाणी म्हटली की लाडाची, ओढीची. जात्यावरच्या ओव्यांत बाई माहेरच्या वाटेकडे डोळे लावून बसते. पण आई-बाबा गेल्यावर माहेरी जाताना पोटात जे होतं त्यावर फार कोणी बोलत नाही. मी अजून जाते, भाऊ-वहिनी प्रेमाने करतात, काही कमी नाही, तरी तिठ्यावर बसमधून उतरले की पाय जड होतात. आत कोण कुठे बसलेलं असणार, तुळशीपाशी कोण नसणार, हे सगळं आधीच डोळ्यासमोर येतं. आणि तरी जायचं असतंच, नाही गेलं तर जास्त त्रास. ‘मला भीती वाटते’ असं सरळ म्हणणारं गाणं मला आपल्याकडे सापडलं नाही म्हणून मी हे धरून बसले.

चवथीलाच का म्हणायचं नाही? चवथ म्हणजे गोव्यात सगळ्यांची परतायचीच वेळ. मुंबई, पुणे, आखातातून माणसं येतात, बंद घरं उघडतात, कुलपं गंजलेली, आत वाळवी, ओलीचा वास, आणि मग दोन दिवसांत गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधून तयार. त्या आनंदात हे सगळं असतंच की. सणाला फक्त गोडच म्हणायचं असं कोणी ठरवलं? आपल्या भजनात पण विरहिणी असतातच ना.

मुरगांवचा तारवटी

सूरवेडी बाय, मी सहसा लिहीत नाही, वाचतो. पण मी पण तारवटी, म्हणजे बोटीवरचा माणूस, इंजिन रूमला फिटर होतो, आता घरी. जुवारीबाबांनी अर्थ दिला तो वाचला आणि थोडं लिहावंसं वाटलं.

लोकांना वाटतं साइन ऑफ, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपवून बोट सोडणं, म्हणजे आनंद. असतोच. तारीख कळली की क्रू मेसमध्ये सगळे पाठ थोपटतात, बॅग भरायला घेतो, पोरांसाठी घेतलेलं पुन्हा पुन्हा काढून बघतो. मग शेवटचे दोन-तीन दिवस झोप येत नाही. काय भीती ते सांगता येत नाही. तिकडे मला माझी बंक ठाऊक, माझी टूलकिट ठाऊक, कुठला पंप कधी कुरकुरतो ते ठाऊक. घरी काय ठाऊक? घर आमच्याशिवाय चालायला शिकलेलं असतं. पैसे पाठवणं वेगळं आणि घरात असणं वेगळं.

दाबोळीला रात्रीच्या विमानाने येताना खाली वास्कोचे दिवे दिसतात आणि बाहेर दर्यात नांगरून ठेवलेल्या बोटींचे दिवे दिसतात. मला आधी बोटींचे दिवे दिसायचे, मग गावाचे. त्या गाण्यात दिव्यांचं आहे ना, ज्यांनी वाट दाखवली तेच दिवे दुःखाचे पण, ते मला लगेच पटलं. निघताना पण तेच दिवे बघत निघालेलो असतो.

एक सांगतो, कधी कोणाला सांगितलं नाही. एकदा लांब कॉन्ट्रॅक्ट करून आलो तेव्हा धाकटा चार वर्षांचा होता. मला बघून आजीच्या पदराआड गेला. ठीक, पोर ते. रात्री जेवताना मी ज्या खुर्चीवर बसलो ती त्याची निघाली, तो काही बोलला नाही, नुसता बाजूला उभा राहिला ताटली धरून. मग आईला हळू विचारतो, हे काका कुठे झोपणार. मी ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन बायणाच्या किनाऱ्यावर गेलो, आईस्क्रीम दिलं, ते घेतलं, पण हात धरायला दिला नाही, दोन्ही हात चड्डीच्या खिशात घालून माझ्या बाजूने चालत राहिला. थोडं अंतर ठेवून. आईस्क्रीम संपलं तेव्हा काडी मात्र माझ्याकडे दिली, टाकायला. मला तेवढं पण पुष्कळ वाटलं. जुवारीबाब, तुम्ही लिहिलं ना एक साधी आशा लपवून ठेवलेली असते, ती ही.

आमच्या आधीच्या पिढीचं तर आणखी कठीण होतं. गोंयचे तारवटी मुंबईला धोबीतलावला गावागावाच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, राहायचे, एकेकाची पेटी भिंतीला, रात्री चटई, आणि बोट मिळायची वाट बघायची. पुष्कळांना कॉन्ट्रॅक्टच्या मध्ये गावात यायला मिळायचं तेवढंच. त्यांना कोणी विचारलं नाही परत येताना कसं वाटतं.

तेव्हा डिचोलीकरबाब, ‘मला परत यायचं नव्हतं’ ही ओळ बापाला लागेल म्हणता ती लागू दे. ती खोटी नाही. कोणी तरी आपल्यासाठी ते म्हणून दाखवलं तर बरं वाटतं. माझ्या पोरांनी म्हटलं असतं तर मी तोंड लपवायला अंगणात गेलो असतो पण मला बरं वाटलं असतं. बाय, तू म्हण. पण दुसरं कडवं गाळू नको.

डिचोलीकर

काका, तुमचं वाचून मी गप्प. माझी हरकत एवढीच राहते की अर्थ आधी सांगावा, नाहीतर मंडळींना नुसती परकी चाल ऐकू येईल आणि सगळं वाया जाईल.

जुवारी

याच्याशी पूर्ण सहमत. आणि तारवटी काका, देव बरें करूं, तुम्ही लिहिलंत ते मी वर्गात सांगेन, परवानगी असेल तर, नाव न घेता.

घराबद्दल वर राहून गेलं ते लिहितो. हे गाणं ज्या दोघांचं, त्यांचं जन्मघर बुएनोस आयरेसमधलं नव्हतंच. ले पेराचा जन्म ब्राझीलमध्ये, साओ पाउलोला, घराणं इटालियन. गार्देलचा जन्म फ्रान्समधल्या तुलूझचा की उरुग्वेमधल्या ताक्वारेम्बोचा यावर अजून भांडतात, बहुतेक अभ्यासक तुलूझच्या बाजूचे. तो लहानपणी आईबरोबर बुएनोस आयरेसला आला आणि आबास्तोच्या बाजारपेठेच्या वस्तीत वाढला. ते शहरच मुळी बोटीने आलेल्यांचं, इटली, स्पेन, कुठून कुठून, आणि टँगो त्या वस्त्यांमधून वर आलं. त्यातल्या कितीतरी जणांना आपलं मूळ घर पुन्हा बघायला मिळालं नाही. ‘परत येणे’ हे तिथल्या गाण्यांत एवढं का येतं ते यावरून कळतं. गोव्याच्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये, आपली कितीतरी माणसं बाहेर आहेत.

याच सिनेमात पेपर विकणाऱ्या पोराच्या छोट्याशा कामात आस्तोर पियाझ्झोला आहे, तेव्हा न्यूयॉर्कला राहणारा तेरा वर्षांचा मुलगा, पुढे टँगोचा सगळा चेहरा बदलणारा. गार्देलने त्याला त्या शेवटच्या दौऱ्यावर चल म्हणून बोलावलेलं, वडिलांनी लहान आहे म्हणून पाठवलं नाही. गेला असता तर त्याच विमानात असता.

सूरवेडी, पेडणे

सगळ्यांना मनापासून थँक्यू. तारवटी काका, तुमचं मी रात्री वाचलं आणि बराच वेळ काही लिहिता आलं नाही. आमच्याकडे पण बाबा आले की मी आईच्या खोलीतून माझी उशी उचलून आजीकडे जायचे, कोणी सांगायच्या आधी. बाबा दारात उभे राहून बघत असायचे.

आईबद्दल डिचोलीकरभाऊंनी लिहिलं म्हणून मी हा सगळा अर्थ आईलाच वाचून दाखवला, सरप्राईज बाबांसाठी आहे, तिच्यासाठी नव्हतं. ती तांदूळ निवडत ऐकत होती. म्हणाली, भीती काय फक्त येणाऱ्यालाच असते होय? बाबा यायच्या आधी तिला पण झोप लागायची नाही. बँक, शेत, माझी शाळा, म्हातारीची औषधं सगळं तिने एकटीने आपल्या पद्धतीने लावलेलं, आणि मग एक माणूस येणार ज्याला विचारून करायचं, आणि तो परत जाणार तेव्हा पुन्हा सगळं एकटीने. आणि तरी ती म्हणे विमानाच्या वेळेआधी दोन तास जाऊन बसायची. मी म्हटलं मग म्हणू की नको? म्हणाली म्हण, आणि त्या गल्लीच्या ओळीपाशी थोडी थांब, लोकांना कळू दे.

तर ठरलं. पूर्ण गाणं, दोन्ही कडवी. आधी अर्थ मराठीत मी सांगणार. चुलतभाऊ सी मायनरवर अडून बसलाय पण मला ती पट्टी खाली जातेय. आणि गल्लीच्या ओळीचे शब्द नेटवर दोन-तीन प्रकारे लिहिलेले दिसतात, कुठे प्रतिध्वनी आहे, कुठे नाही, कुठले धरू? उच्चारांचं पण थोडं सांगा.

जुवारी

त्या ओळीचे पाठभेद खरेच फिरतायत, एका पाठात ‘जिथे प्रतिध्वनी म्हणाला’ असं आहे, एकात ‘जिथे मी आसरा घेतो’ असं. तू गार्देलच्या स्वतःच्या रेकॉर्डिंगला कान लाव आणि तेच धर, वाद मिटला.

उच्चारात तीन गोष्टी सांभाळ, बाकी आपलं मराठी तोंड स्पॅनिशला चांगलं चालतं, त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत, इंग्रजी वळण देऊ नको. पहिली, व्ह नाही, ब. ‘बोल्वेर’ म्हणताना पहिला ब स्पष्ट, दुसरा ओठ न मिटता, मऊ. दुसरी, एकटा h लिहिलेला दिसला तरी उच्चारायचा नाही, ‘ओय’ म्हणायचं, ‘होय’ नाही. तिसरी बुएनोस आयरेसची खासियत, जिथे बाकी स्पॅनिशमध्ये य येतो तिथे गार्देल झ च्या जवळचा आवाज काढतो, ‘यो’ नाही, ‘झो’. गल्लीच्या शब्दात पण तेच, ‘काये’ नाही, ‘काझे’. बाबांनी तिथल्या लोकांकडून ऐकलंय, त्यांच्या कानाला ते ओळखीचं लागेल. आताची तरुण मुलं तिथे झ च्या जागी श म्हणतात, पण तू झ च ठेव.

पायपेटी, वाळपय

मी भजनाला पेटी धरतो, टँगोचं ज्ञान नाही, पण गायचं म्हणून सांगतो. पट्टीसाठी भावाशी भांडू नको, गिटारला कॅपो, म्हणजे पट्टी चढवायचा चिमटा, लाव आणि पेटीवरची पांढरी चार नाहीतर काळी चार, जिथे ध्रुवपदाचा वरचा सूर ओरडावा लागणार नाही ती धर. ध्रुवपदाचा पहिला शब्द वर उचलला जातो, आधीच्या कडव्यात श्वास संपवलास तर तिथे अडकशील, तारे येतात त्या ओळीआधी पोटभर श्वास घे.

मी रेकॉर्ड चार वेळा ऐकली. चार मात्रांचंच आहे पण केरवा समजून कोणाला तबल्यावर बसवू नको, ठेका बांधला की मेलं. गायक शब्द मागे ओढतो आणि मग पुढच्या ठोक्यावर गाठतो, आपल्या भावगीतवाल्यांना हे येतं, तुला नाट्यगीतामुळे हात मोकळा सोडायची सवय असणार, ती इथे आवर. ताना, मुरक्या काही नको. ‘मला भीती वाटते’ तिथे आवाज बारीक करू नको, साधा, बोलल्यासारखा ठेव, तो माणूस कबूल करतोय. घरात पेटी असेल तर मागे नुसता षड्ज-पंचम धरून ठेव कडव्याला, गिटारला आधार होईल. भावाला सांग शेवटी दोन ठोके वाजवून बंद करायचं, टँगो तसंच संपतं, लांबवायचं नाही.